ए२२० आय५ डी१

१९९०च्या दशकात ज्यांच्या घरी डॉसवर चालणारा संगणक होता आणि त्यात साउंड कार्ड बसवलेलं होतं, त्यांच्या ऑटोएक्झेक.बॅट या फाइलमध्ये एक ओळ हमखास सापडायची: सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ टी४. ती कुणीतरी लिहून दिलेली असे. कार्ड विकणाऱ्याने, ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने, नाहीतर कार्डाबरोबर आलेल्या फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅमने. ती पुसली गेली की गेम मुके होत. तिच्यातला एखादाच आकडा चुकला तर प्रकरण आणखी बिघडे: बंदुकीच्या बाराचा पहिला तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही, आणि कधीकधी पडदा गोठून जाई.

गंमत अशी की या ओळीत संगीताशी संबंधित असं काहीच नाही. सूर नाही, आवाजाची पातळी नाही, स्पीकर एक की दोन हेही नाही. आहे तो एक पत्ता, एका तारेचा क्रमांक, एका वाहिनीचा क्रमांक आणि शेवटी कार्डाची जात. जुन्या पीसीवर साउंड कार्ड चालू करणं हे खरं तर जागावाटपाचं काम होतं. जागा मोजक्या, मागणारे पुष्कळ, आणि वाटप करणारं कुणीच यंत्रात नेमलेलं नव्हतं. म्हणून ते काम आपसूक मालकाच्या गळ्यात पडलं.

असं का झालं ते पाहायला थोडं मागे जावं लागतं. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये आपला पीसी जाहीर केला तेव्हा त्यात आवाजासाठी एक छोटा स्पीकर होता. टायमर चिपच्या एका वाहिनीवर तो चाले. एका वेळी एकच स्वर, आणि त्या स्वराची पट्टी कमीजास्त करता येई, जोर नाही. कचेरीच्या यंत्राला इतकं पुरेल असा हिशोब होता. त्यामुळे पुढे आवाज आला तो पाहुणा म्हणून आला, मदरबोर्डावरच्या मोकळ्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डाच्या रूपात.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मार्टिन प्रेव्हेल या संगीताच्या माजी प्राध्यापकाने ॲडलिब ही कंपनी काढली आणि १९८७मध्ये तिचं कार्ड बाजारात आणलं. त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती. ती एका वेळी नऊ आवाज काढी, पण ते सगळे कृत्रिम, वाद्यांसारखे. माणसाचं बोलणं किंवा काच फुटल्याचा खळ्ळकन आवाज तिला जमत नसे. इकडे सिंगापुरात सिम वाँग हू यांची क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी ही कंपनी होती. पर्ल्स सेंटर या इमारतीत संगणक दुरुस्तीच्या दुकानापासून तिची सुरुवात झाली होती. १९८९मध्ये क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर आणलं आणि त्यात मोठी हुशारी केली. ॲडलिबवरची यामाहाची चिप जशीच्या तशी घेतली, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेला प्रत्येक गेम यावरही वाजणार. तिच्या जोडीला नोंदवलेला आवाज वाजवण्याची सोय दिली. आणि वर जॉयस्टिकचं पोर्टही टाकलं, ज्यासाठी एरवी वेगळं कार्ड घ्यावं लागे. एका स्लॉटमध्ये तीन कामं झाल्यावर घेणारा आणखी कशाला विचार करील? ॲडलिबचं १९९२मध्ये दिवाळं निघालं. साउंड ब्लास्टर मात्र एका कंपनीचं उत्पादन न राहता सगळ्या गेम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट झाली.

आता त्या ओळीकडे येऊ. ए२२० म्हणजे पोर्टचा पत्ता. प्रोसेसरला एखाद्या कार्डाशी बोलायचं तर तो ठरावीक पत्त्यावर एक बाइट लिहितो किंवा तिथून वाचतो. हा २२० हेक्साडेसिमल आहे, आपल्या दशमान पद्धतीत ५४४. साउंड ब्लास्टर तिथून पुढचे सोळा पत्ते आपले मानतं. त्यांच्यापैकी २२६वर १ लिहायचा, तीन मायक्रोसेकंद थांबायचं, मग ० लिहायचा, आणि २२एवरून वाचायचं. तिथे हेक्साडेसिमल एए, म्हणजे १७०, आला तर कार्ड जागेवर आहे. गेमचा सेटअप कार्ड शोधतो तेव्हा तो मुख्यतः हेच करत असतो. पत्त्यावरून भांडणं तुलनेने कमी होत, पण होत. मिडीसाठी साउंड ब्लास्टर १६ला ३३० हा पत्ता लागे, आणि ॲडॅप्टेकचं लोकप्रिय स्कझी कार्डही कारखान्यातून ३३०वरच लावून येई.

खरी ओढाताण आय५वर. आय म्हणजे इंटरप्टची तार. कार्डाचं काम झालं की ते या तारेवर इशारा देतं आणि प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याकडे वळतो. मूळ पीसीत अशा आठ तारा होत्या. १९८४च्या एटीमध्ये दुसरी चिप जोडून त्या वाढवल्या, पण जोडणीतच एक खर्च झाली, म्हणजे हाती पंधरा. ० टायमरची, १ कीबोर्डची, ३ आणि ४ सिरीयल पोर्टांच्या, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची, ८ घड्याळाची, १३ गणिती प्रोसेसरची, १४ हार्ड डिस्कची. पुढे १५ सीडी ड्राइव्हकडे गेली आणि १२ माउसकडे. मोजून पाहा, किती उरल्या. पाचव्या तारेवर एटीच्या रचनेत दुसऱ्या प्रिंटरचं नाव होतं, आणि घरात दोन प्रिंटर असणारा माणूस दुर्मीळ. म्हणून ५. सुरुवातीची साउंड ब्लास्टर ७वर लावलेली येत. प्रिंटर त्याच तारेवर असूनही बहुतेकांचं भागे, कारण डॉस छापताना इंटरप्टची वाटच पाहत नसे, वरचेवर प्रिंटरला विचारत राही.

दोन कार्डांनी एक तार वाटून का घेतली नाही? त्या काळच्या आयएसए स्लॉटची तार विजेच्या पातळीतल्या बदलावर, म्हणजे क्षणिक उडीवर, काम करी. दोन कार्डं एकाच तारेवर असली तर एकाची उडी दुसऱ्याच्या उडीत विरून जाई आणि कुणी हाक मारली हे कळायला मार्ग नसे. कागदावर पंधरा, हातात तीन-चार, आणि वाटून घ्यायची सोय नाही. मोडेम, नेटवर्क कार्ड आणि साउंड कार्ड एकाच यंत्रात बसवलेल्या माणसाला ही टंचाई वेगळी सांगायला नको.

डी१ ही डीएमएची वाहिनी. इथेच कळतं की आवाज इतका हट्टी का. नोंदवलेला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला २२,०५० नमुने वाजवायचे तर दर ४५ मायक्रोसेकंदांना एक आकडा कार्डाला मिळायलाच हवा. सीडीच्या दर्जाचा, १६ बिटांचा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं तर डोळा चालवून घेतो. कान घेत नाही, खट्‌ असा आवाज येतोच. प्रोसेसर स्वतः आकडे पोचवत बसला तर गेम कोण चालवणार? म्हणून मदरबोर्डावरची डीएमए चिप प्रोसेसरला न विचारता मेमरीतून आकडे उचलून कार्डाकडे नेते. मेमरीतला एक पट्टा यासाठी राखून ठेवतात. तो अर्धा वाजून झाला की कार्ड इंटरप्ट देतं, आणि उरलेला अर्धा वाजतो आहे तोवर प्रोसेसर रिकामा अर्धा भरून टाकतो. पंगतीत चांगला वाढपी हेच करतो, पानातला भात संपायच्या आत पुढचा वाढतो. पट्टा ४,०९६ बाइटचा आणि वेग २२,०५०चा असेल तर असा इशारा सेकंदाला साधारण अकरा वेळा येतो. वाहिन्यांपैकी २ फ्लॉपीची, आणि ० जुन्या पीसीत मेमरी ताजी ठेवण्यात गुंतलेली. १ मोकळी, म्हणून १. साउंड ब्लास्टर १६ला १६ बिटांसाठी वरची आणखी एक वाहिनी लागे, ती बहुधा ५. तिच्यासाठी ओळीत एच५ असा नवा शब्द आला.

हे एकदा ध्यानात आलं की बिघाडाचं निदान कानाने करता येतं, आणि मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. पत्ता चुकला तर पूर्ण शांतता, किंवा कार्ड सापडत नाही असा सेटअपचा निरोप. वाहिनी चुकली तर शांतता किंवा नुसती खरखर, कारण कार्ड आकडे मागतं आहे आणि ते दुसरीकडेच चालले आहेत. तार चुकली तर पहिला तुकडा अगदी स्वच्छ वाजतो, आणि मग तोच फिरून फिरून. आकडे पोचताहेत, पण अर्धा पट्टा संपल्याची हाक प्रोसेसरला ऐकूच येत नाही, त्यामुळे पट्ट्यात नवं काही भरलं जात नाही. संगीत वाजतंय पण बोलणं आणि स्फोट नाहीत, असं असेल तर यामाहाची चिप ठीक आहे. ती ३८८ या ॲडलिबच्या पत्त्यावर बसते, तिला ना तार लागते ना वाहिनी. मग दोष आय किंवा डी या दोन अक्षरांत शोधायचा.

हे आकडे कार्डाला कसे कळत? पहिल्या कार्डांवर जंपर होते, धातूच्या जोडपिनांवर बसवायच्या चिमुकल्या टोप्या. कॅबिनेटचे स्क्रू काढायचे, कार्ड उपसायचं, टोपी ५वरून ७वर सरकवायची, सगळं पुन्हा बसवायचं, आणि मग ब्लास्टरची ओळही बदलायची. ही शेवटची पायरी पुष्कळ जण विसरत. ती ओळ कार्डाला आदेश देत नाही. ती फक्त गेमसाठी लावलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीत ७ लिहिल्याने कार्ड ७वर जात नाही. १९९२च्या साउंड ब्लास्टर १६मध्ये तार आणि वाहिन्या सॉफ्टवेअरने निवडता येऊ लागल्या (तारेला २, ५, ७ किंवा १०), पण यंत्र बंद केलं की कार्ड ते विसरे. म्हणून ऑटोएक्झेक.बॅटमध्ये डायग्नोज /एस अशी आणखी एक ओळ लागे. ती मात्र चिठ्ठी वाचून कार्डाला खरोखर तसं लावी, आणि म्हणून ती ब्लास्टरच्या ओळीच्या खालीच हवी.

डॉसमध्ये साउंड कार्डाला आज ज्याला आपण ड्रायव्हर म्हणतो तसं काही जवळपास नव्हतंच, हे नव्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. क्रिएटिव्हचा इन्स्टॉल प्रोग्रॅम कॉन्फिग.सिसमध्ये सीटीएसबी१६.सिस आणि सीटीएमएमसिस.सिस या दोन फाइलींच्या ओळी घाली खऱ्या, पण त्या क्रिएटिव्हच्याच प्रोग्रॅमांना लागत. गेम त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. त्या ओळी काढल्या तर ६४० केबीमधली थोडी जागाच वाचे, आणि त्या काळी ती जागा सोन्याच्या भावाची होती. कार्डाशी बोलणारा भाग प्रत्येक गेमच्या पोटात असे. त्यामुळे एखादं नवं कार्ड गेमला चालायचं तर त्याला साउंड ब्लास्टरचं सोंग हुबेहूब वठवावं लागे, पत्त्यांपासून ते १७०च्या उत्तरापर्यंत.

सोंगाची ही बाजारपेठ फार मोठी होती. ईएसएस, यामाहा, क्रिस्टल, ऑप्टी यांच्या चिपवरची कार्डं मूळ साउंड ब्लास्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीत बहुधा अशीच कार्डं असत, आणि बिलावर ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ एवढंच लिहिलेलं. पण कोणत्या साउंड ब्लास्टरशी? ईएसएस १८६८ किंवा यामाहाची ओपीएल३-एसए ही मंडळी साउंड ब्लास्टर प्रोचं, म्हणजे १९९१च्या आठ बिटांच्या कार्डाचं, सोंग घेत. १६ बिटांचा आवाज त्यांना येई, पण आपापल्या पद्धतीने. गेमच्या सेटअपमध्ये यादीतलं सगळ्यांत भारी नाव निवडण्याचा मोह होतो. साउंड ब्लास्टर १६ निवडलं की ही कार्डं गप्प. प्रो निवडलं की वाजायला लागत. ओळीच्या शेवटचं टी अक्षर हेच सांगतं: टी१ पहिली आवृत्ती, टी३ म्हणजे २.०, टी२ आणि टी४ प्रो, टी६ म्हणजे १६. स्वस्त कार्डाला टी४ लिहायचं आणि समाधान मानायचं, हा सल्ला मी आजही देईन.

मग वाटप करणारा शेवटी नेमला गेला. १९९३मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आयएसए कार्डांसाठी प्लग अँड प्लेचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातली युक्ती सुरेख आहे. प्रत्येक कार्डात कारखान्यातच एक लांबलचक ओळखक्रमांक कोरलेला. सुरू होताना सगळी कार्डं आपापला क्रमांक एकेक बिट करून एकाच वेळी सांगायला लागतात. ज्याचा बिट १ आहे ते बोलतं, ज्याचा ० आहे ते ऐकतं, आणि दुसरं कुणी बोलताना ऐकू आलं तर त्या फेरीतून माघार घेतं. शेवटी एक उरतं, त्याला हजेरीचा छोटा क्रमांक मिळतो, आणि उरलेल्यांची फेरी पुन्हा सुरू. सगळ्यांची हजेरी झाली की कुणाला काय हवं ते विचारून पत्ते आणि तारा वाटल्या जातात. ऑगस्ट १९९५च्या विंडोज ९५ने हे घरोघरी नेलं.

कागदावर चोख. पण त्याच यंत्रात एखादं जुनं जंपरवालं कार्ड असलं की ते या हजेरीत तोंडच उघडत नसे. वाटपदाराला ५वी तार मोकळी दिसे, तो ती साउंड कार्डाला देई, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह उभं राही. उपाय बायोसमध्ये असे: ती तार जुन्या आयएसए कार्डासाठी राखीव असल्याचं तिथे हाताने लिहून द्यायचं. दुसरी अडचण डॉसची. विंडोज ९५ बंद करून साध्या डॉसमध्ये आलं की वाटप करणारं कुणी उरत नसे, म्हणून क्रिएटिव्हच्या प्लग अँड प्ले कार्डांना सीटीसीएम नावाचा प्रोग्रॅम आधी चालवावा लागे. तो नसेल तर कार्ड यंत्राच्या लेखी नव्हतंच.

लिनक्सवाल्यांचे हाल थोडे निराळे. तिथे खरा ड्रायव्हर होता, पण आकडे हातानेच द्यायचे: एसबी मॉड्यूल चढवताना पोर्ट, इंटरप्ट आणि दोन्ही वाहिन्या सांगायच्या. प्लग अँड प्ले कार्ड असेल तर आयएसएपीएनपी टूल्सने त्याची कुंडली एका फाइलमध्ये काढायची, तिच्यातल्या हव्या त्या ओळी खुल्या करायच्या आणि कार्ड आधी जागं करायचं. रेड हॅटने सोय म्हणून साउंडकॉन्फिग दिलं होतं. पुढे अल्सा ही लिनक्सची नवी ध्वनिव्यवस्था आली, डिसेंबर २००३च्या २.६ कर्नेलमध्ये ती मूळ गाभ्यातच होती. तिची एक खोड अशी की कार्ड नीट सापडलं तरी आवाजाच्या सगळ्या वाहिन्या सुरुवातीला बंद असत. कित्येकांनी ड्रायव्हर काढून घालून पाहिले, आणि उत्तर अल्सामिक्सर उघडून एम दाबण्याइतकं सोपं होतं.

पीसीआय स्लॉट आले तसा टंचाईचा मूळ प्रश्नच निकालात निघाला. तिथली इंटरप्टची तार उडीवर नव्हे तर पातळीवर चालते, त्यामुळे दोन कार्डं ती वाटून घेऊ शकतात, आणि मेमरीतून आकडे उचलायला कार्डाला मदरबोर्डाची डीएमए चिप लागत नाही. पण यामुळे जुने गेम उघडे पडले. ते अजून २२०वर हाक मारत होते आणि तिथे आता कुणी राहत नव्हतं. १९९८च्या साउंड ब्लास्टर लाइव्हसारख्या कार्डांना डॉससाठी मेमरीत ठाण मांडून बसणारा एक प्रोग्रॅम द्यावा लागला. तो ईएमएम३८६च्या आधाराने २२०वर लिहिलेलं मधेच अडवी आणि खऱ्या कार्डाकडे वळवी. काही गेम त्याला दाद देत, काही देत नसत. विंडोज एक्सपीने तर कार्ड कुठलंही असो, डॉसच्या खिडकीत साउंड ब्लास्टर २.०चं बुजगावणं उभं केलं आणि ऑटोएक्झेक.एनटी या फाइलमध्ये तीच जुनी ओळ ठेवून दिली: ए२२० आय५ डी१ पी३३० टी३. जुने डॉस गेम चालवणाऱ्या आजच्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्येही हे आकडे आहेत, फक्त तार ५ऐवजी ७ आहे. गेमच्या सेटअपला तिथे ७ सांगितलं नाही तर वर सांगितलेला, फिरून फिरून वाजणारा तुकडा आजच्या लॅपटॉपवरही ऐकायला मिळतो.

माळ्यावरचा ४८६ किंवा पहिला पेंटियम उतरवून त्यात कार्ड घालायचं असेल तर क्रम असा ठेवावा. आधी बायोसमध्ये जाऊन प्लग अँड प्ले ऑपरेटिंग सिस्टीम आहे का या प्रश्नाला नाही म्हणावं, म्हणजे वाटप बायोस करील. प्रिंटर पोर्टाचा ईसीपी मोड बंद करावा, नाहीतर तो एक डीएमए वाहिनी अडवून बसतो. नेटवर्क कार्ड असेल तर ते १०व्या तारेवर हलवावं आणि ५ साउंड कार्डासाठी मोकळी ठेवावी. मग कार्ड जागं करणारा प्रोग्रॅम, मग ब्लास्टरची ओळ, मग गेमचा सेटअप. हेडफोन लावण्याआधी आवाज कमी ठेवावा, जुन्या कार्डांवरचा ॲम्प्लिफायर कानावर दया करत नाही.

एवढं करूनही स्फोट, पावलं, बोलणं सगळं ऐकू येतं आणि सीडीवरचं संगीत तेवढं नाही, असं झालं तर आकड्यांना हात लावू नये. सीडीवरचे गाण्याचे ट्रॅक सीडी ड्राइव्ह स्वतः वाजवतो आणि मागच्या बाजूने एका चार तारांच्या बारीक केबलने साउंड कार्डाला देतो. यंत्र उघडताना बहुतेक वेळा ती निसटलेली असते.